एक जूनच्या मुली

गुलबानोखालाला लिहिता-वाचता येत नाही, पण आमच्या शाळेतलं सगळ्यात बिनचूक रजिस्टर तिच्याच डोक्यात आहे. हे वाक्य मी वर्षानुवर्षं कौतुकानं म्हणत आलो. पाहुणे आले की तिला पुढं करायचो, "विचारा हिला, कुठल्याही पोरीची जन्मतारीख विचारा!" मग ती पदरानं तोंड पुसून तारीख सांगायची, पाहुणे खूश व्हायचे, आणि मी असा मिरवायचो जशा काही त्या तारखा मीच पाठ केल्यात. आता हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. तिचं ते डोकं कुणाच्या हाती दिलं गेलं आणि कुणी दिलं, हे मला माहीत आहे.

आधी शाळा सांगतो. सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या मागं जमातीनं वर्गणी काढून बांधलेली ही मुलींची उर्दू शाळा. पहिली ते दहावी. सकाळी दुआ, पहिला तास दीनियातचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, मग सरकारी पुस्तकं. मी तिथं मराठी शिकवतो. माझं नाव प्रदीप, मूळचा वैरागचा. आमच्या घरात बुद्धाची तसबीर, त्यामुळं नोकरी लागली तेव्हा थोरला भाऊ म्हणाला होता, "तितं तुला कोन इचारनार हाय?" बावीस वर्षं झाली, ईदच्या दिवशी डबा भरून शीरखुर्मा दिल्याशिवाय मला कुणी घरी सोडलेलं नाही. शाळा गरीब होती, ते खोटं कशाला बोलू. पावसात दोन वर्ग गळायचे. संडास दोन, त्यातल्या एकाला दार नव्हतं. नववी-दहावीला अनुदान नाही, म्हणून आम्हा तिघा शिक्षकांचा पगार जमातीला जमेल तेव्हा. तरी मुली यायच्या. निम्म्याहून जास्त विडी कामगारांच्या घरातल्या, बोटांना तंबाखूचा वास घेऊन यायच्या आणि खडू धरायच्या.

गुलबानोखाला, म्हणजे गुलबानोमावशी, आमच्या शाळेची आया. घंटा वाजवणं, पाणी भरणं, पोरींच्या वेण्या घालणं, रडणाऱ्यांना गप्प करणं आणि न रडणाऱ्यांना रडवणं ही तिची कामं. तोंडानं फटकळ. मलाही सोडायची नाही. "सर, तुमचं मराठी तुमालाच कळतंय, पोरी बघा कशा झोपल्यात," असं वर्गाच्या दारात उभी राहून सांगायची.

ती केमची. बाप रेल्वेत गँगमन. तिच्या जन्माच्या वेळी तो लाइनवर होता आणि आई बाळंतपणातच गेली, त्यामुळं ही कधी जन्मली ते कुणी लक्षात ठेवलं नाही. कडब्याच्या गंजी लागल्या होत्या, एवढंच शेजारणीला आठवायचं. आता यांच्यात एक रीत आहे. मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्ला करतात. नवे कपडे घालून कुणातरी मोठ्या माणसापुढं बसवतात, पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात, गोडधोड वाटतात. त्या दिवसापासून मुलाचं शिक्षण सुरू झालं असं धरतात. गुलबानोची बिस्मिल्ला झालीच नाही. जन्माचा दिवसच ठाऊक नाही, तर चार वर्षं चार महिने चार दिवस मोजणार कुठून? मोजू, करू म्हणता म्हणता ती नऊ वर्षांची झाली आणि मग कुणी विषय काढला नाही.

लग्न होऊन ती सोलापुरात आली. नवरा रिक्षा चालवायचा. तो लवकर गेला आणि जमातीनं तिला शाळेत आया म्हणून ठेवलं. तेव्हापासून मोहल्ल्यात कुठंही मुलगी जन्मली की ही हजर. आईला विचारून दिवस पक्का करायची आणि मनात ठेवायची. मग बोटांच्या पेरांवर मोजून सांगायला जायची, "तुमच्या पोरीची बिस्मिल्ला अमक्या जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी येती बगा." बायका तिच्यावरच विसंबायच्या. बिस्मिल्लाला मुलगी हिच्या मांडीवर, आणि पाटीवर ठेवलेल्या त्या इवल्याशा बोटावर हिचं बोट. अक्षर कुठलं ते हिला कळत नव्हतं, पण बोट कुठून कुठं न्यायचं ते पाठ होतं. एकदा मी विचारलं, एवढ्या तारखा कशाला सांभाळता? ती म्हणाली, "माजी कुनी ठेवली न्हाय. म्हनून मी ह्यांच्या ठेवती." आणि कळशी घेऊन पाण्याला निघून गेली.

तिचं जन्माचं भांडण होतं ते पीरसाबांशी. पीरसाब आमचे हेडक्लार्क. आता ते नाहीत, दोन वर्षं झाली. प्रत्येक नव्या मुलीची जन्मतारीख ते एक जूनच लिहायचे. आपल्याकडं अशा एक जूनवाल्यांना तोटा नाही, माझे दोन काका त्याच दिवशी जन्मलेत. पण पीरसाबांनी त्याचा नियमच केला होता. पोरगी शाळेत आली त्या दिवशी ती सहा वर्षांची. मग ती पाचची असो, सातची असो की नऊची. गुलबानो त्यांच्या टेबलाशी जाऊन ओरडायची, "मी बरुबर दिवस सांगतीया, तर तुमी सगळ्यांस्नी एकाच दिवशी जन्माला घालताय! खुदाला काय तोंड दावणार?" पीरसाब चष्म्यावरून बघून हसायचे आणि एक जून लिहायचे. मला वाटायचं, म्हातारा आळशी आहे.

तिची नात झीनत आली तेव्हाही तेच झालं. गुलबानोची मुलगी माढ्याला दिली होती, ती काविळीनं गेली. बापानं दुसरं लग्न केलं आणि झीनत तिथं धाकट्या भावंडांना खेळवत राहिली. गुलबानो एक दिवस जाऊन तिला घेऊनच आली. पहिलीत घातली तेव्हा झीनतला आठ वर्षं पुरी होऊन चार महिने झाले होते. त्याच दिवशी शेजारच्या गल्लीतली तन्वीर आली, तीही आठ उलटलेली. तिची आई विड्या वळायची आणि तन्वीर घर सांभाळायची, म्हणून उशीर. पीरसाबांनी दोघींची नावं एकाखाली एक लिहिली, दोघींना सहा वर्षांचं केलं आणि एका बाकावर पाठवलं. त्या बाकावरून त्या दोघी नववीपर्यंत उठल्या नाहीत. गुलबानोची एकच इच्छा होती, ती खाला कुणालाही थांबवून सांगायची. तिच्या घरात, मागं-पुढं कुठल्याही पिढीत, एकही बाई दहावी झालेली नाही. झीनतनं व्हायचं.

आणि झीनत होणारी होती. मराठीचं वाचन करताना अख्ख्या वर्गात तिच्या एकटीचा आवाज थरथरत नसे.

पुण्याची संस्था आली ती या दोघी नववीत असताना, दिवाळीनंतर. नाव सांगत नाही. धार्मिक संस्थांच्या शाळा हाती घेऊन सुधारायच्या, असा त्यांचा कार्यक्रम होता. कुठं मिशनची शाळा, कुठं विहाराची, कुठं मठाची, आणि आता आमची. लोक वाईट नव्हते हो. धर्माच्या तासाला हात लावणार नाही, हे त्यांनी आधीच लिहून दिलं. संडासांना दारं लागली, नवे चार बांधले. गळकं छत गेलं. वाचनालयाची खोली झाली. आम्हा तिघांचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला येऊ लागला. माझ्या बायकोनं त्या संस्थेच्या नावानं देवळात नसला तरी मनात दिवा लावला असणार.

करार इंग्रजीत होता, पंधरा पानांचा. जमातीच्या बुजुर्गांना समजावा म्हणून त्याचं मराठी करायला माझ्याकडं दिला. अकराव्या पानावर एक कलम होतं. वर्गाच्या वयाहून दोन वर्षांपेक्षा जास्त मोठी असलेली मुलगी त्या वर्गात बसणार नाही, तिची व्यवस्था वेगळी करायची. मी ते दोनदा वाचलं. मग त्याला छानसं नाव दिलं, 'वयानुरूप वर्गरचना'. बैठकीत मी ते वाचून दाखवलं तेव्हा बुजुर्गांनी माना डोलावल्या. शब्द भारदस्त होता. कुणी अर्थ विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. मला वाटलं, आपल्या रजिस्टरात सगळ्याच वयात बसलेल्या, कशाला उगीच घाबरवा? पीरसाबांच्या एक जूननं उशिरा आलेल्या सगळ्यांना झाकून ठेवलं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं होतं. समजूनही मी गप्प बसलो, कारण एक तारखेला पगार येत होता.

फेब्रुवारीत कीर्ती आली. चोवीस-पंचवीसची, माढ्याचीच, पुण्यात शिकलेली. स्वभावानं गोड पोर. मुलींची माहिती कॉम्प्युटरात भरायचं काम तिच्याकडं. दुसऱ्याच दिवशी ती रडकुंडीला आली. दोनशे बारा मुलींतल्या एकशे एकाहत्तर एकाच तारखेला जन्मलेल्या! कॉम्प्युटर त्यांना वेगवेगळ्या मुली मानायलाच तयार नव्हता. पुण्याहून फोन आला, तुमच्याकडं मुली खरंच आहेत की कागदावरच आहेत? आमच्या हेडबाईंचा चेहरा पांढरा पडला. खऱ्या तारखा भरा, नाहीतर पुढचं काही होणार नाही, असा निरोप. सरकारी रजिस्टरला हात लावायचा नाही, ही फक्त संस्थेची यादी, असंही ते म्हणाले. बऱ्याच घरांत जन्मदाखले नव्हते. होते त्यातल्या काहींवर नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी' असं लिहिलेलं.

तेव्हा मी काय केलं असेल? मी ऐटीत म्हणालो, "कशाला घाबरताय? हिला विचारा."

चार दिवस ते काम चाललं. ऑफिसात गुलबानोखालाला खुर्ची दिली. तीस वर्षांत ती त्या खोलीत खुर्चीवर बसली नव्हती. पहिल्या दिवशी ती टोकावरच टेकली होती, दुसऱ्या दिवशी मागं रेलली. मी नावं नीट लिहिली जातायत ना हे बघायला शेजारी. कीर्ती नाव वाचायची आणि खाला डोळे मिटायची. "ही व्हय? गड्ड्याच्या जत्रेत दारूकाम झालं की त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटं. हिच्या थोरलीच्या वक्ताला पानी आठ दिवस आलं न्हवतं, हिच्या वक्ताला आलं." कीर्ती कॅलेंडर बघून तारीख लावायची. पहिल्या दिवशी तिनं दहा दाखले मागवून ताडून पाहिले. दहाच्या दहा बरोबर. कीर्तीनं तिला मिठीच मारली. "आजी, तुम्ही तर आमचा सर्व्हर आहात!" खालाला ते कळलं नाही, पण कौतुक आहे एवढं कळलं. घरी जाताना ती मला म्हणाली, "आज पीरसाब असायला पायजे व्हते. दावलं असतं." तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडं नाही, पडद्याकडं बघत होतो.

कारण तारीख भरली की पडद्यावरचा पुढचा चौकोन हिरवा व्हायचा, आणि कधी कधी लाल.

पहिला लाल आला तेव्हा खालानं विचारलं, "ह्यो लाल का गं?"

"काही नाही आजी, वय थोडं जास्त दाखवतंय. वरचे लोक बघतील नंतर." कीर्तीला खरंच ठाऊक नव्हतं. तिला फक्त चौकोन भरायला सांगितलं होतं.

खालानं माझ्याकडं पाहिलं. "सर, काय वो?"

"काही नाही," मी म्हणालो.

खालाला अक्षर येत नाही, पण रंग सगळ्यांनाच येतो. चौथ्या दिवशी तिचा आवाज उतरला होता. कुठल्या मुलीला लाल येतो ते तिच्या ध्यानात यायला लागलं होतं. आईच्या आजारपणात घरी राहिलेली. ऊसतोडीला गेलेल्या मावशीकडं दोन वर्षं काढलेली. विड्यांच्या पानांत बालपण घालवलेली. उशिरा आलेल्या सगळ्या, आणि फक्त त्याच. ती तारीख सांगण्याआधी थांबू लागली. पण सांगायची. एकदा तोंडून खरा दिवस सांगायचा शिरस्ता पडला की मधेच खोटं कसं घुसवायचं, हे तिला जमेना.

दुपारी नववीची यादी निघाली. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, त्यामुळं तन्वीर शेवटाकडं आणि झीनत अगदी शेवटी.

"तन्वीर," कीर्ती म्हणाली.

खालानं डोळे मिटले. तन्वीरची बिस्मिल्ला तिच्याच मांडीवर झाली होती. तिनं दिवस सांगितला. चौकोन लाल झाला.

मग मधल्या तीन मुली झाल्या, तिन्ही हिरव्या.

"आणि आता आपली झीनत! ही तर पाठच असणार."

 खालानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. बाहेर मैदानात पोरी लंगडी खेळत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मला झीनतचं वाचन आठवलं. तन्वीरही माझीच विद्यार्थिनी होती, तिच्या आधीच्या अठराही माझ्याच होत्या, पण त्या वेळी मला फक्त झीनत आठवली. मी मान हलवली. नाही, अशी. इतकी हळू, की कीर्तीला दिसली नाही.

"एक जून," खाला म्हणाली.

कीर्ती हसली. "खरंच? खरोखरची एक जून?"

"आसंल की एखादी तरी," खाला म्हणाली. तिचा हात टेबलाखाली होता आणि अंगठा पेरांवरून फिरत होता.

चौकोन हिरवा झाला. कीर्तीनं बटन दाबलं, यादी पुण्याला गेली आणि तिनं चहा मागवला. चहा येईपर्यंत खाला उठून उभी राहिली होती. "पोरी, त्या तन्वीरचं चुकलं माजं. ती बी एक जूनची हाय. आनि आदल्या त्या... त्या बी चुकल्या. परत लिव."

"आजी, आता सगळ्यांनाच परत एक जून करणार का?" कीर्ती अजून हसतच होती. "यादी बंद झाली. आता बदल करायचा तर जन्मदाखला लागेल."

त्याच संध्याकाळी खाला तन्वीरच्या घरी गेली. काय सांगून गेली कोण जाणे, पण पेटीतून दाखला काढायला लावला. दाखला होता. त्याच्यावर तन्वीरचं नावही होतं, आणि खालानं सांगितलेलीच तारीख होती.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शाळा ओळखू येत नव्हती. भिंती पिवळ्या, दारं निळी. खाला रुळाच्या तुकड्यावर घंटा वाजवायची, तो तुकडा काढून तिथं आपोआप वाजणारी घंटा बसवली होती. ऑफिसच्या दारावर कागद चिकटवला होता. एकोणीस मुलींची नावं. त्यांनी सकाळी यायचं नाही, दुपारी अडीचला खालच्या हॉलमध्ये यायचं, आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं. वर माझाच शब्द ठळक अक्षरांत, 'वयानुरूप वर्गरचना'. दुपारी अडीचला या मुली आपापल्या आईबरोबर कारखान्यात वळलेल्या विड्या द्यायला जातात. मोहल्ल्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पहिल्या आठवड्यात अकरा आल्या, महिन्यानं तीन. गणपतीच्या सुमारास हॉलला कुलूप लागलं. कीर्ती हेडबाईंशी भांडली, फोनवर पुण्याशी भांडली, आणि तिची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. जाताना ती खालाच्या पाया पडली. खालानं पाय मागं घेतले.

पण मी सांगतोय ते उघडण्याच्या दिवशीचं. व्हरांड्याच्या लांब भिंतीवर त्यांनी बारा मोठे फुगे रंगवले होते, एका महिन्याचा एक. प्रत्येक फुग्यात त्या महिन्यात जन्मलेल्या मुलींची नावं आणि तारखा. वाढदिवस साजरे करायचे, मुलींना आनंद वाटेल. कल्पना चांगलीच होती. मुलींच्या आया बघायला आल्या होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या मुलींकडून वाचून घेत होत्या, आपल्या पोरीचा दिवस भिंतीवर बघून हरखत होत्या. वर्षानुवर्षं एकशे एकाहत्तर मुली ज्या तारखेला जन्मल्या होत्या, ती तारीख जूनच्या फुग्यात एकदाच लिहिलेली होती. एक जून, झीनत.

तन्वीरची आई फुग्यासमोर उभी होती. तन्वीरचं नाव, त्या एकोणीस जणींतल्या कुणाचंच नाव, कुठल्याच फुग्यात नव्हतं. तन्वीरनं तिला जूनचा फुगा वाचून दाखवला. मग आईनं खालाकडं बघितलं. मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की झीनत आणि तन्वीर एकाच दिवशी शाळेत आल्या होत्या, दोघी सारख्याच वयाच्या. भांडणाला मी तयार होतो, मला तर ते हवंच होतं. पण ती बाई एवढंच म्हणाली, "आपा, तुमच्या मांडीवर बसवली व्हती मी तिला."

झीनत तिथंच होती. तिनं फुगा वाचला, तन्वीरकडं पाहिलं, आणि ती वर्गात गेली. बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी होती. हेडबाईंनी तिथं दुसरी मुलगी बसवायचा प्रयत्न केला. झीनतनं दप्तर ठेवून ती जागा अडवली. वर्षभर तिथं दप्तरच बसलं.

त्या दिवसापासून गुलबानोखालाला मोहल्ल्यात बिस्मिल्लाचं बोलावणं आलेलं नाही. कुणी तोंडावर काही बोलत नाही, सलाम करतात, पण मुलगी जन्मली की दिवस सांगायला कुणी येत नाही. श्रावणात तिच्याच गल्लीत, चौथ्या घरात बिस्मिल्ला झाली. ती दाराच्या उंबऱ्यावर बसून मिठाईची ताटं जाता-येताना बघत होती. मला म्हणाली, "सर, त्यांनी एक दिवस आधी केली. चार वर्सं, चार म्हैनं आनि तीनच दिवस. मोजता आलं न्हाय त्यांस्नी."  तिचा फटकळपणा आता गेलाय. मी वर्गात कितीही कंटाळवाणं शिकवलं तरी ती दारात येऊन उभी राहत नाही. मला तिच्या शिव्यांची इतकी सवय होती, हे मला माहीत नव्हतं.

एक दिवस ती पीरसाबांच्या जुन्या टेबलाशी उभी दिसली. टेबल आता व्हरांड्यात टाकलंय. "ते मला सांगत का न्हवते?" तिनं विचारलं. "मी तीस वर्सं भांडले त्यांच्याशी. एकदा तरी सांगायचं की, बाई, म्या हे का लिवतोय." सांगितलं असतं तर ते मोहल्लाभर झालं असतं, हे तिलाही कळत होतं. तिनं टेबलावरची धूळ पदरानं पुसली.

झीनत दहावीला. सराव परीक्षेत पहिली आली. नवीन माणूस, कीर्तीच्या जागी आलेला, म्हणाला की या वर्षी निकाल शंभर टक्के लागणार, पुण्याला फार अपेक्षा आहेत. तो माझ्याकडं नवे कागद देऊन गेलाय. पुढच्या टप्प्याचा करार, वीस पानं, मराठी करून द्यायचं. मुलींच्या माहितीत आता आणखी रकाने आहेत. आईचं काम. महिन्यातली गैरहजेरी. घरात बोलली जाणारी भाषा. चौदाव्या पानापर्यंत माझं झालंय. पंधराव्या पानावरच्या एका कलमाला चांगला शब्द सुचत नाही म्हणून दोन दिवस अडून बसलोय.

अकरा फेब्रुवारीला सकाळी दहावीचा जादा तास होता. अकरा फेब्रुवारी हा झीनतचा खरा दिवस. दरवर्षी त्या दिवशी खाला गुलगुले तळून आणते, मधल्या सुट्टीत तन्वीरला आणि झीनतला एका डब्यातून खाऊ घालते. या वर्षीही तिनं आणले. तास संपल्यावर ती दारात आली. किती महिन्यांनी ती माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिली होती. झीनत दप्तर आवरत होती. खालानं डब्याचं झाकण काढून डबा पुढं केला. "ले बेटा," ती म्हणाली, "आज तेरा दिन है."

झीनतनं डब्याकडं पाहिलं. मग शांतपणे, वाचनाच्या तासाला बोलते तशा सरळ आवाजात म्हणाली, "आज कायकू, नानी? मेरा बड्डे तो एक जूनकू है."

आणि दप्तर खांद्याला लावून, आजीच्या अंगाला धक्का लागणार नाही अशी बाजूनं, ती निघून गेली.

खाला तशीच उभी होती. तिच्या अंगठ्याची पेरांवरची फेरी सुरू झाली आणि मधेच थांबली. मी टेबलाशी बसलो होतो, पुढ्यात ते कागद, पंधरावं पान उघडं.  पोर आहे, परीक्षेचं दडपण आहे, असं काहीतरी मी म्हणायच्या बेतात होतो. ती टेबलापर्यंत आली आणि डबा त्या कागदांवर ठेवला.

"घ्या सर," ती म्हणाली. "तुमी बी व्हता की तितं."

मी एक गुलगुला उचलला. तो अजून गरम होता. पानावर तेलाचा डाग पसरत गेला आणि खाला माझ्यासाठी पाणी आणायला गेली.